संत फ्रान्सिस झेवियर : बंदिवानांच्या भेटीला जाणारे धर्मगुरू

बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागातील सेंट मेरी बॅसिलिका सर्वपरिचित आहे. तेथून जवळच असलेले बेंगळुरू महाधर्मप्रांताचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाने ओळखले जाते. कैद्यांची भेट, त्यांच्यासाठी प्रार्थना व आध्यात्मिक साधना आणि सुटकेनंतरचे पुनर्वसन हे कार्य करणाऱ्या प्रिझन मिनिस्ट्री इंडिया या कॅथलिक स्वयंसेवी संघटनेचे राष्ट्रीय कार्यालयही याच शहरात आहे. केरळमध्ये १९८१ साली या संघटनेचा आरंभ झाला. परंतु अशा सेवेचे भारतातील एक जुने उदाहरण झेवियर यांच्या चरित्रात आढळते.

झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधील नावार येथे एका सरदार घराण्यात झाला. पॅरिस विद्यापीठात शिकत असताना त्यांची इग्नेशियस लोयोला यांच्याशी भेट झाली. १५३४ मध्ये त्यांनी लोयोला यांच्या मार्गदर्शनाखाली महिनाभराची एकांत साधना केली. पुढे स्थापन झालेल्या येशूसंघाच्या पहिल्या सदस्यांत त्यांचा समावेश होता.

भारताकडे निघण्यापूर्वी लिस्बनमध्ये त्यांनी इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या कैदेतील लोकांची सेवा केली. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात पोहोचले. सन्मानाचे निवासस्थान न स्वीकारता ते रुग्णालयात राहिले. रुग्णांची शुश्रूषा आटोपल्यावर ते तुरुंगात जात, बंदिवानांचे पापनिवेदन ऐकत आणि त्यांना उपदेश करीत. रविवारी ते कुष्ठरुग्णांकडे जात. रस्त्याने घंटा वाजवीत ते मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी बोलावीत.

त्यानंतर दक्षिणेचा मोती किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ मध्ये जपान असा त्यांचा प्रवास झाला. चीनमध्ये प्रवेशाची वाट पाहत असतानाच ३ डिसेंबर १५५२ रोजी शांगचुआन बेटावर वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १६२२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

त्यांच्या चरित्राला दुसरी बाजूही आहे. १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पाठविलेल्या पत्रात त्यांनी गोव्यात इन्क्विझिशन स्थापन करण्याची विनंती केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, ते स्थापन झाले आणि मधला अल्प काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. धर्माच्या कारणावरून अनेकांना त्याच्या कोठड्यांत यातना सोसाव्या लागल्या. ज्यांनी लिस्बनमध्ये अशाच बंदिवानांना धीर दिला, त्यांनीच ही मागणी करावी, हा विरोधाभास इतिहासकारांना आजही विचारात पाडतो.

झेवियर यांचे पार्थिव जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिकेत आहे. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात ते दर्शनासाठी ठेवण्यात आले, तेव्हा देशविदेशांतील भाविकांनी तेथे गर्दी केली होती.