विश्लेषण : उत्रोळीत पकडलेल्या उमाजी नाईकांना इंग्रजी कायद्याचे संरक्षण का नव्हते?

भोरजवळच्या उत्रोळी गावात १५ डिसेंबर १८३१ रोजी उमाजी नाईक पकडले गेले. त्यानंतर ५० दिवसांनी, ३ फेब्रुवारी १८३२ रोजी, त्यांना पुण्यात फाशी देण्यात आली. त्याच काळात लंडनमध्ये कुणाला बेकायदा डांबले, तर त्याचे नातलग न्यायालयाकडून हेबियस कॉर्पसचा आदेश मिळवू शकत. डांबणाऱ्याला त्या माणसाला न्यायाधीशांपुढे उभे करून कारण द्यावे लागे. राज्य इंग्रजांचेच असूनही पुणे प्रांतातल्या रयतेला ही सोय नव्हती. असे का?

गडाचे राखणदार

उमाजींचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ रोजी पुरंदरच्या पायथ्याशी भिवडी गावात, रामोशी समाजातील खोमणे घराण्यात झाला. वडील दादाजी, आई लक्ष्मीबाई. पुरंदरची राखण हा रामोशांचा पिढीजात हक्क होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तो हिरावला गेला आणि १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर उरल्यासुरल्या वतनांवरही गदा आली. पोट भरायचे साधनच गेल्यावर अनेकांनी लुटीचा मार्ग धरला. उमाजींना पहिला तुरुंगवास घडला तो अशाच एका लुटीबद्दल. तुरुंगात ते लिहायला-वाचायला शिकले. पुढे त्यांनी जाहीरनामे काढले, त्याचे मूळ इथे आहे.

१८२६ मध्ये सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास शंभर रुपयांचे इनाम लावले. पुरंदर, भोर, सासवडच्या डोंगरांत फौज फिरत राहिली, पण गावकरी तोंड उघडेनात. इनाम वाढत गेले, तरी उमाजी हाती लागेनात. तेव्हा सरकारने त्यांची पत्नी आणि मुले कैदेत टाकली. या बायका-मुलांवर कोणता गुन्हा होता? उमाजींचे कुटुंब असणे, एवढाच. अटकेच्या अधिकाराला मर्यादा नसली की काय होते, ते या प्रसंगात उघड दिसते. उमाजी शरण आले. त्यांना माफी, जमीन आणि बंदोबस्ताची नोकरीही मिळाली, पण हा समझोता फार टिकला नाही.

पुण्याच्या मुलाचा खटला

याच सुमारास, १८२८ मध्ये, मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दोन प्रकरणे गाजत होती. पहिले पुण्याच्या मोरो रघुनाथ या मुलाचे. पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाने त्याला आपल्या ताब्यात ठेवले आहे, अशी तक्रार होती. दुसरे बापू गणेश या ठाण्याच्या तुरुंगातील कैद्याचे. कोर्टाने दोन्हींत हेबियस कॉर्पसचे आदेश काढले. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी पुण्याच्या बाबतीत ते मानायला नकार दिला. न्यायमूर्ती सर जॉन पीटर ग्रँट इतके संतापले की एप्रिल १८२९ मध्ये त्यांनी कोर्टच बंद ठेवले! भांडण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि १८२९ मध्येच निकाल आला. मुंबई बेटाबाहेरच्या एतद्देशीय रयतेसाठी, किंवा कंपनीच्या मुलकी न्यायालयांच्या तुरुंगाधिकाऱ्यांवर, सुप्रीम कोर्टाला असे आदेश काढता येणार नाहीत.

म्हणजे इंग्रजी कायद्याचे हे संरक्षण बेटाच्या किनाऱ्यावर थांबले. घाटावर लागू होती ती १८२७ ची एल्फिन्स्टन संहिता. तिच्यातील २५ व्या रेग्युलेशनने तर खटल्याशिवाय राजबंदी ठेवण्याची मुभा सरकारला होती.

उत्रोळीत काय घडले?

उमाजी पुन्हा बाहेर पडले. १८३१ मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध उघड जाहीरनामा काढला. आता इनाम दहा हजार रुपये आणि जमीन, असे झाले. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांच्याकडे शोधमोहीम होती, पण प्रत्यक्ष पकडले ते जुना साथीदार काळोजी नाईक आणि नाना चव्हाण यांनी. शिवाय उत्रोळी हा कंपनीचा थेट मुलूख नव्हता. ती भोरच्या पंतसचिवांची जहागीर होती. फितुरांनी परक्या हद्दीत धरलेला माणूस कंपनीच्या ताब्यात आला, आणि या पकडीवर प्रश्न विचारू शकेल असे न्यायालय त्याच्या आवाक्यात नव्हते.

सामान्य माणसाने आरोपीला धरणे आजही कायद्याला मान्य आहे, पण अटींसह. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. पोलिसांनी अटकेचे कारण सांगायचे (कलम ४७) आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायचे (कलम ५८). राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येही हे हक्क आहेत. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा अपवादही त्याच अनुच्छेदात आहे, हे मात्र विसरू नये. बंदिप्रत्यक्षीकरणाची याचिका आता भोर-वेल्ह्यातला कुणीही मुंबई उच्च न्यायालयात करू शकतो.

उमाजींवर पुण्यात खटला चालला. खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत त्यांना फाशी दिल्यावर दहशत बसावी म्हणून मृतदेह तीन दिवस झाडाला टांगून ठेवल्याचे सांगतात. फाशीपूर्वी कोठडीत मॅकिंटॉश त्यांच्याशी बोलले होते. त्यांचे रामोशी समाजावरील पुस्तक १८३३ मध्ये निघाले. उमाजींच्या आयुष्याचा बराच तपशील आज मिळतो तो त्यांच्यामागे लागलेल्या याच अधिकाऱ्याच्या लेखणीतून.