रावबहादूर बोले : ठराव पास झाला, पाणी मात्र मिळाले नाही

वरळीच्या बीडीडी चाळी आता पडत आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर येत आहेत. 1920 च्या दशकात मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेला कामगार इथे राहिला, त्यात आपले आजोबा-पणजोबाही होते. या भिंती उभ्या राहत होत्या त्याच वर्षांत मुंबईच्या कायदे कौन्सिलात एका सभासदाने अस्पृश्यांच्या हक्काचा ठराव मांडला. चवदार तळ्याची गोष्ट सांगताना आपण त्याचे नाव ओझरते घेतो. ते नाव सीताराम केशव बोले.

बोले यांचा जन्म 1868 चा, समाज भंडारी. ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेला हा माणूस गिरणगावात ओळखला गेला तो कामगारांमुळे. 1909 साली त्यांनी कामगार हितवर्धक सभा उभी केली. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यापासून पाळी कधी संपेल याचा भरवसा उरला नव्हता. कामाचे तास बारावर आणा, ही सभेची मागणी होती. कामगाराला अर्ज लिहून देणे, मालकाशी बोलणे, भांडण मिटवणे असे तिचे काम चाले. आजच्या मोजमापाने ती मवाळच म्हणावी लागेल.

आपल्याशी त्यांचा धागा त्याही आधीचा आहे. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा भरली आणि तिचे अध्यक्ष बोले होते. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले ते याच सभेत.

4 ऑगस्ट 1923 रोजी बोले यांचा ठराव कौन्सिलात पास झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सप्टेंबरमध्ये सरकारने खातेप्रमुखांना अंमलाचे हुकूम काढले. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यायचा, एवढ्यावर भागवले. सल्ल्याने पाणवठा उघडत नसतो. महाड नगरपालिकेने 1924 साली तळे खुले केल्याचा ठराव केला, पण आपल्या माणसाची तिथे ओंजळ भरण्याची सोय झाली नाही.

बोले यांनी हे ओळखले आणि 1926 साली दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका, जे बोर्ड पहिला ठराव पाळणार नाही, त्याचे सरकारी अनुदान बंद करा. मला त्यांचे मोठेपण पहिल्यापेक्षा या दुसऱ्या ठरावात दिसते. भेदभाव करणाऱ्याच्या तिजोरीला हात घातल्याशिवाय सरकारी कागद हलत नाही, हे त्यांना कळले होते.

तरीही तळ्यावर जावे लागले ते लोकांनाच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले तेव्हा पाठीशी बोले ठराव होता. पाणी प्यायल्यावर लोकांना मार बसला. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. स्पृश्यांनी कोर्टात दावा लावला आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 साल उजाडले. कौन्सिलातल्या ठरावापासून हायकोर्टापर्यंत चौदा वर्षे.

वरळीच्या तरुणांना ही चाल परकी वाटू नये. अस्पृश्यता घटनेने रद्द केली, 1955 साली त्यासाठी कायदाही झाला. तरी 5 जानेवारी 1974 रोजी याच बीडीडी चाळींत पँथरच्या सभेवर दगड आले आणि दंगल पेटली. 10 जानेवारीच्या मोर्चावर परळला वरून दगडी पाटा टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाला. पोलीस एकतर्फी वागले अशी तक्रार झाली, सरकारने न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमला. आयोग नेमणे सरकारला जमते.

बोले यांच्या पुढच्या वाटेवर आपण त्यांच्यासोबत जाऊ शकत नाही. ते हिंदू महासभेत गेले, बाबासाहेब धम्माकडे वळले. ते लपवायचे कारण नाही, आणि त्यासाठी 1923 पुसायचेही नाही. 1956 ची धम्मदीक्षा झाली तेव्हा बोले हयात होते. 1961 साली वयाच्या नव्वदीनंतर ते वारले. 6 डिसेंबरला वरळीहून प्रभादेवीमार्गे चैत्यभूमीकडे चालत निघालात की आगर बाजारला एक रस्ता लागतो. पाटीवर एस. के. बोले रोड असे लिहिलेले असते.