वेतनाचा तंटा आणि न्या. गजेंद्रगडकर

भिवंडीसारख्या गावातील पालिकेचा सफाई कामगार पगाराचा तंटा घेऊन औद्योगिक न्यायालयापुढे उभा राहू शकला, त्यामागे सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची परंपरा आहे. त्या परंपरेतील ठळक नाव म्हणजे न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

साताऱ्यात १६ मार्च १९०१ रोजी, संस्कृत पंडितांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९२६ पासून त्यांनी मुंबईत वकिली केली. १९४५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनवादाने त्यांचे नाव कामगारवर्गात पोहोचले. १९५४ मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाचा निर्णय केंद्र सरकारने परस्पर बदलला आणि कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यानंतर नेमलेल्या आयोगाचे काम न्या. राजाध्यक्ष यांच्या निधनामुळे गजेंद्रगडकरांकडे आले. १९५५ मध्ये त्यांच्या शिफारशींना कायद्याचे रूप मिळाले. तेव्हा बहुतेक बँका खासगी होत्या. पण लवादाचा निवाडा सरकारने फिरवावा काय, हा प्रश्न सरकारी नोकरांनाही तितकाच लागू होता.

१९५६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्ड सेवकांच्या कपातीचे प्रकरण १९६० मध्ये त्यांच्यापुढे आले. रुग्णालय हा उद्योग नव्हे, असे राज्य सरकारचे म्हणणे होते. गजेंद्रगडकरांनी ते अमान्य केले आणि सरकारी रुग्णालयातील कामगारांनाही औद्योगिक विवाद कायद्याचे छत्र दिले. मात्र येथे एक पेच होता. तंटा न्यायाधिकरणाकडे धाडायचा की नाही, हे सरकारच ठरवी. आणि येथे मालकही सरकारच!

सरन्यायाधीशपदावरून १९६६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वेतन, कामाचे तास व रजा या विषयांपुरती सक्तीच्या लवादाची योजना आली. तरीही गरजेवर आधारित किमान वेतनाची मागणी लवादाकडे सोपविण्यास सरकारने नकार दिला आणि १९ सप्टेंबर १९६८ रोजी देशभर लाक्षणिक संप झाला. १९६९ च्या अहवालात गजेंद्रगडकरांच्या आयोगाने सरकारपासून स्वतंत्र असे औद्योगिक संबंध आयोग सुचविले. ही शिफारस कागदावरच राहिली.

त्यांचा रुग्णालयाविषयीचा निकालही १९७० मध्ये फिरविला गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो पुन्हा ग्राह्य धरला, तेव्हा ते हयात होते. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.