जीवद्रव्याचा दाटपणा मोजणारा शास्त्रज्ञ

एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात, हे शाळेच्या पाठ्यपुस्तकातील आकृतीत सर्वांनीच पाहिलेले असते. गुणसूत्रे मध्यभागी येतात, धाग्यांना बांधल्यासारखी दोन टोकांकडे सरकतात आणि मग पेशी मधोमध आवळली जाते. परंतु हे सारे ज्या द्रवात घडते, त्या द्रवाकडे आकृती पाहणाऱ्याचे लक्ष फारसे जात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक जीवशास्त्रज्ञांचेही तसेच होते. त्या द्रवालाच आपल्या अभ्यासाचा विषय करणाऱ्या मोजक्या संशोधकांत लुईस व्हिक्टर हाइलब्रन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

हाइलब्रन यांचा जन्म १८९२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर ते शिकागो विद्यापीठात गेले आणि तेथे १९१४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. गर्भविज्ञानातील अधिकारी पुरुष फ्रँक लिली यांच्या सहवासात त्यांना सागरी प्राण्यांच्या अंड्यांची गोडी लागली. मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल या समुद्रकाठच्या गावात ‘मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी’ ही प्रयोगशाळा आहे. उन्हाळा आला की अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ तेथे जमत. हाइलब्रन यांच्या संशोधनाची ती कर्मभूमी ठरली. मिशिगन विद्यापीठात अध्यापन केल्यावर १९२९ पासून ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होते.

पेशीतील द्रव किती दाट आहे, हे मोजायचे कसे? त्यात सुई खुपसावी तर पेशी जखमी होते आणि जखमी पेशीतील द्रव पूर्वीचा राहत नाही. हाइलब्रन यांनी याला साधा मार्ग शोधला. काचेची गोटी पाण्यात टाकली तर ती चटकन तळाशी जाते. तीच मधात सोडली तर रेंगाळते. सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यात रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असतात. अंडी अपकेंद्री यंत्रात घालून गरगर फिरवली की हे कण एका बाजूला सरकतात. ठरावीक वेगाने किती वेळ फिरवल्यावर ते सरकतात, हे पाहिले की द्रवाच्या श्यानतेचा, म्हणजेच दाटपणाचा, अंदाज बांधता येतो.

या मोजणीतून प्रथम हे दिसले, की विश्रांतीच्या अवस्थेतील अंड्याचा अंतर्भाग समजला जात होता तेवढा घट्ट नाही. त्याचा दाटपणा पाण्याच्या केवळ काही पट आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा दाटपणा स्थिर नसतो. गुणसूत्रांना वाहून नेणारी चातीच्या आकाराची रचना दिसू लागण्यापूर्वी द्रव एकदम दाटतो आणि पेशी दुभंगण्याआधी पुन्हा पातळ होतो. १९२१ साली त्यांनी या विषयावरील निबंध प्रसिद्ध केला आणि १९४८ मध्ये एका सागरी कृमीच्या अंड्यांवर तेच मोजमाप पुन्हा केले. दूध विरजते किंवा रक्त साकळते, तशीच काहीशी क्रिया विभाजनाला चालना देते, असे त्यांचे मत बनले.

मग हे साकळणे घडवतो कोण? हाइलब्रन यांचे उत्तर होते कॅल्शियम. पेशीच्या पृष्ठभागाशी बांधलेले कॅल्शियम उद्दीपनाने मोकळे होऊन आत शिरते आणि द्रव दाट करते, असा त्यांचा सिद्धांत होता. केवळ अंड्याचे विभाजनच नव्हे, तर स्नायूचे आकुंचनही कॅल्शियमच घडवते, असे ते सांगू लागले. १९४७ मध्ये फ्लॉइड विअर्सिन्स्की यांच्यासह त्यांनी बेडकाच्या स्नायुतंतूंत निरनिराळी क्षारद्रव्ये टोचून पाहिली. पेशीत एरवी आढळणाऱ्या नेहमीच्या क्षारांपैकी कॅल्शियमनेच तंतू आखडला. तरीही अनेक शास्त्रज्ञांना हे पटले नाही. ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या शोधाने तो काळ भारलेला होता. एवढा साधा क्षार एवढे मोठे काम करतो, ही कल्पना अनेकांना भाबडी वाटे. हाइलब्रन मात्र आपल्या मतापासून ढळले नाहीत.

त्यांचे शिष्यही मोठे निघाले. डॅनियल मेझिया यांनी १९३७ मध्येच फलनाच्या वेळी सी अर्चिनच्या अंड्यात कॅल्शियम मोकळे होते, असा पुरावा दिला. जपानहून शिकायला आलेले कात्सुमा दान हे दुसरे शिष्य. दुसऱ्या महायुद्धाने दोघांचे देश शत्रू झाले. युद्ध संपल्यावर हे गुरुबंधू पुन्हा एकत्र आले आणि १९५२ मध्ये विभाजनाची ती चातीसारखी रचना त्यांनी अंड्यातून सबंध अलग करून दाखवली. पुढे ही रचना सूक्ष्मनलिकांची बनलेली असते, हे सिद्ध झाले. द्रव साकळून विभाजन सुरू होते, ही गुरूची कल्पना त्यापुढे अपुरी ठरली. द्रव दाटू न देणारा पदार्थ सापडला तर विभाजन रोखता येईल, या विचाराने हाइलब्रन यांनी १९५० च्या दशकात प्राण्यांच्या अंडाशयांचे अर्क तपासले. त्यामागे कर्करोगावर उपाय सापडण्याची आशा होती. ती मात्र फळाला आली नाही.

२४ ऑक्टोबर १९५९ रोजी मोटार अपघातात हाइलब्रन यांचा मृत्यू झाला. त्याच सुमारास टोकियोत सेत्सुरो एबाशी यांचे स्नायूंवरील प्रयोग चालू होते. १९६० च्या दशकात त्यांनी कॅल्शियमला प्रतिसाद देणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाचा शोध लावला आणि स्नायूंच्या बाबतीतला वाद मिटला. १९७० च्या दशकात मेडाका माशाच्या अंड्यात फलन होताच कॅल्शियमची लाट पसरताना प्रत्यक्ष दिसली. ज्या कल्पनेसाठी हाइलब्रन यांनी उपेक्षा सोसली, ती आज वैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकवली जाते.

दाटपणाचा प्रश्न मात्र अद्याप मिटलेला नाही. आता प्रकाशाच्या किरणांनी कण पकडून पेशीच्या आत मोजमाप करता येते. विभाजनाच्या वेळी पेशीचे बाह्य कवच ताठर होत असताना अंतर्भाग मऊ आणि अधिक प्रवाही होतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. एवढेच नव्हे, तर लहान कणाला पातळ भासणारा तोच द्रव मोठ्या कणाला दाट भासतो. त्यामुळे हाइलब्रन यांचे आकडे आजच्या पेशींना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तथापि, पेशीतील द्रव ही निर्जीव पार्श्वभूमी नसून विभाजनाबरोबर तोही बदलतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी एका फिरत्या यंत्राच्या साहाय्याने ओळखले होते. त्यांनी मांडलेला तो प्रश्न आजही प्रयोगशाळांत विचारला जातो आहे.