दुष्काळानं घर नेलं, तिनं दोन हजार लेकींचं घर उभं केलं : पंडिता रमाबाईंची कहाणी

धाराशिव : आपल्याकडून कुर्डुवाडी, दौंड करत पुण्याला निघालेली रेल्वे दौंडच्या पुढं केडगाव स्टेशनावरून जाते. गाडी तिथं थांबो न थांबो, त्या गावाचं नाव मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या माळरानावर एका बाईनं दुष्काळात निराधार झालेल्या हजारो मुलींना आसरा दिला. तिचं नाव पंडिता रमाबाई.

दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. रमाबाईंनाही तो पुस्तकातून कळला नव्हता.

झाडपाल्यावर काढलेले दिवस

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बाईमाणसानं संस्कृत शिकू नये असा तो काळ, पण अनंतशास्त्रींनी बायकोला, लक्ष्मीबाईंना शिकवलं. पुढं लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. या घराला एक जागा अशी नव्हती. तीर्थक्षेत्रं फिरायची, पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर भागवायचं.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार? होतं नव्हतं ते विकलं. मजुरीची सवय नाही आणि भीक मागायला मन धजत नाही, अशी अवस्था झाली. झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. विशीच्या आतली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढे दोघंच उरले. दोघं पायी चालत देशभर फिरले.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमेचं संस्कृत ऐकून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. पुढच्या वर्षी मुलगी झाली, मनोरमा. आता कुठं घर लागलं असं वाटतंय, तोवर १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. तेव्हा रमाबाईंचं वय होतं २३.

हे माझ्याच वाट्याला का?

त्या काळी विधवेच्या दुःखाचं उत्तर समाजाकडं तयार असायचं. मागच्या जन्मी पाप केलं म्हणून नवरा गेला, असं सांगायचे. म्हणजे मार बसलाय तिलाच आणि दोषही तिचाच. रमाबाईंना हे उत्तर कधी पटलं नाही. त्यावर त्यांनी पुढं इंग्रजीत पुस्तक लिहून जगासमोर मांडलं.

पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली डॉक्टरकी शिकायला त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी यायला लागलं होतं, त्यामुळं ते शिक्षण राहून गेलं. आणखी एक दार बंद झालं.

तिथं त्यांनी एक वेगळंच काम पाहिलं. समाजानं वाईट ठरवून टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती जोगिणी मायेनं सांभाळत होत्या. हे कशाच्या बळावर करता, असं विचारल्यावर रमाबाईंना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली. चारचौघांनी टाकलेल्या बाईशी विहिरीवर बसून बोलणारा, तिच्याकडं पाणी मागणारा येशू. शिवाय तो स्वतः क्रूसावर यातना सोसून मेलेला. दुःख म्हणजे देवानं दिलेली शिक्षा नाही, उलट देव दुखावलेल्या माणसाच्या शेजारी उभा राहतो, असा अर्थ रमाबाईंना त्यात सापडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज या गावी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

स्वकीयांचा रोष

पुढं अमेरिकेत फिरून त्यांनी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, नंतर ते पुण्याला आणलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढं महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

पण सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ साली मोठा वाद पेटला. केसरीतून कडक टीका झाली. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांची भीती अगदीच खोटी होती असं नाही, कारण रमाबाई आपली श्रद्धा लपवत नव्हत्या. पण त्यांनी काम सोडलं नाही.

पुन्हा दुष्काळ

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या ऐकून रमाबाईंना स्वतःचे उपाशी दिवस आठवले. त्या स्वतः तिकडं गेल्या. हाडांचा सापळा झालेल्या पोरी, तरुण विधवा, त्यांना पळवायला टपलेली माणसं, हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळं एवढ्या जणींना ठेवता येईना. मग केडगावची शेतजमीन कामी आली. तिथंच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणल्या. मुक्तीत एका वेळी दोन हजारांच्या घरात बाया-पोरी राहायला लागल्या.

नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली. विणकाम, तेलघाणा, गाई-म्हशी, छापखाना असं सगळं बायका चालवायच्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. ज्यांना कुठंच जागा नव्हती त्या बायकांसाठी कृपा सदन काढलं.

आपल्या उमरग्याच्या पलीकडं, तेव्हाच्या निजामाच्याच राज्यातल्या गुलबर्ग्यातही रमाबाईंनी शाळा काढली. ती सांभाळायला लेक मनोरमा होती.

शेवटचा घाव

२४ जुलै १९२१ ला मनोरमाही गेली, अवघ्या चाळिशीत. आई-बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. तरी हातातलं काम रमाबाईंनी थांबवलं नाही. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. ते भाषांतर त्या शेवटपर्यंत करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी डोळे मिटले. ते बायबल त्यांच्या मागं १९२४ साली निघालं.

दुःख चांगलं असतं असं रमाबाईंचं आयुष्य सांगत नाही. उपासमारीत गेलेले आई-बाप काही परत आले नाहीत. पण उपास काय असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याचा उपास लांबून ओळखू येतो. ती ओळख देवानं आपल्याला कामासाठी दिली, अशी रमाबाईंची श्रद्धा होती.

आपल्याकडं भूकंपानं सास्तूर-लोहाऱ्याची घरं पाडली, नापिकीनं कित्येक घरांचा कर्ता माणूस नेला. अशा घरातल्या बाईला आजही कुणी ना कुणी तुझ्या नशिबातच होतं असं सांगून मोकळं होतं. रमाबाई असत्या तर त्या बाईला नशीब सांगत बसल्या नसत्या. पोरांना घेऊन चल म्हणाल्या असत्या.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.