बिशपने अभ्यास सोडायला सांगितलं, तिने सेंट पॉलचाच दाखला दिला!

मेक्सिकोच्या १०० पेसोच्या नोटेवर एका ननचं चित्र आहे. आता तुम्ही म्हणाल, नोटेवर नन कशी काय?

तिचं नाव सोर ह्वाना इनेस दे ला क्रूझ. स्पॅनिशमध्ये सोर म्हणजे सिस्टर. ती सतराव्या शतकातली मोठी कवयित्री होती. पण तिचं नाव आजही घेतलं जातं ते एका भांडणामुळे. भांडणाचा मुद्दा होता, बाईने धर्मशास्त्राचा अभ्यास करावा की नाही?

तेव्हा मेक्सिकोवर स्पेनचं राज्य होतं. ह्वानाचा जन्म नेपांतला नावाच्या खेड्यातला. आई निरक्षर. तीन वर्षांची ह्वाना मोठ्या बहिणीच्या मागे शाळेत गेली आणि मलाही शिकवायला आईने सांगितलंय, असं बाईंना ठोकून दिलं. पुढे आजोबांची पुस्तकं वाचून काढली. विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता, तर मुलाचे कपडे घालून मला पाठवा म्हणून आईच्या मागे लागली. आई काही ऐकली नाही.

तिची हुशारी व्हाइसरॉयच्या दरबारापर्यंत पोहोचली. व्हाइसरॉयने सुमारे ४० विद्वान बसवून तिची परीक्षा घेतली. पोरगी सगळ्यांना पुरून उरली.

त्या काळात बाईपुढे दोनच वाटा होत्या, लग्न किंवा कॉन्व्हेंट. कॉन्व्हेंट म्हणजे आपल्याकडची इंग्रजी शाळा नव्हे, नन्सचा मठ. लग्न केलं तर अभ्यास संपला. म्हणून १६६९ मध्ये तिने मेक्सिको सिटीतल्या सेंट जेरोमच्या मठात शपथ घेतली. तिथे तिने मोठा ग्रंथसंग्रह जमवला, नाटकं आणि कविता लिहिल्या, मठाचे हिशेबही सांभाळले.

१६९० मध्ये ठिणगी पडली. अंतोनियो व्हिएरा या नामांकित जेझुइट धर्मगुरूचं एक प्रवचन होतं. ख्रिस्ताने माणसावरच्या प्रेमाची सर्वात मोठी खूण कोणती दिली, हा त्याचा विषय. ह्वानाने ते मुद्देसूद खोडून काढलं. कुणीतरी विनंती केली म्हणून ते लिहूनही दिलं. प्युब्लाच्या बिशपने तिला न विचारता ते छापलं. वर एका ननच्या टोपणनावाने पत्र जोडलं, की बुद्धी चांगली आहे, पण आता ऐहिक विद्या सोडून धर्माकडे लक्ष दे.

१६९१ मध्ये ह्वानाने सविस्तर उत्तर लिहिलं. तिचं म्हणणं असं, की तर्कशास्त्र, गणित, इतिहास, संगीत कळल्याशिवाय बायबल नीट कळणारच नाही. मग धर्म शिकायचा तर बाकीच्या विद्या सोडून कसं चालेल?

बायकांनी चर्चमध्ये गप्प राहावं, हे सेंट पॉलचं वचन तेव्हा सर्रास पुढे केलं जायचं. ह्वानाने त्याचा अर्थ लावला. ही मनाई व्यासपीठावरून प्रवचन देण्याला आहे, घरात बसून शिकण्या-लिहिण्याला नाही. त्याच पॉलने वयस्क बायकांनी तरुणींना शिकवावं असंही सांगितलंय. आणि ज्यांच्या नावाचा तो मठ, त्या सेंट जेरोमनीही बायकांना शास्त्र शिकवलं होतं.

तिने स्वयंपाकघरही सोडलं नाही. अंडं तुपात एकजीव राहतं, पाकात फुटतं, हे पाहतानाही विचार चालूच असतो. ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने आणखी लिहिलं असतं, असा टोलाही तिने हाणला.

पुढे मात्र चित्र पालटलं. १६९४ च्या सुमारास तिने लिखाण थांबवलं, पुस्तकं आणि उपकरणं विकून पैसे गरिबांना दिले. चर्चचा दबाव होता की स्वतःचा निर्णय, यावर अभ्यासक आजही भांडतात. १७ एप्रिल १६९५ ला, साथीत आजारी नन्सची सेवा करता करता ती गेली. तिचं ते उत्तर छापून आलं १७०० मध्ये, माद्रिदला.

कॅथलिक चर्चने बाईला पहिल्यांदा 'चर्चची आचार्य' ही पदवी दिली ती थेट १९७० मध्ये, आविलाच्या तेरेसाला.

आणि ह्वानाचा तो मठ? तिथे आज तिच्याच नावाचं विद्यापीठ आहे. मुलाचे कपडे न घालताही मुली तिथे शिकतात.