मार्केट यार्डातून केडगावला: पंडिता रमाबाई

मेस कमिटीत निवडून आलं की पहिलं बक्षीस म्हणजे पहाटेचं मार्केट यार्ड. तिथे कांद्याच्या गोण्या उतरवणाऱ्या एका मामांना मी सहज विचारलं, माल कुठला? म्हणाले केडगावचा, ते मिशनचं केडगाव. दौंडच्या अलीकडचं हे गाव आणि मिशन म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, हे मला त्या दिवशी कळलं.

रमाबाईंच्या गोष्टीत धान्य आणि भूक सारखी येते. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आईने रमाला. पुराणं सांगत हे कुटुंब देशभर पायी हिंडायचं. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेले. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय लग्न झालं आणि १८८२ मध्ये वैधव्य आलं. कडेवर मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात येऊन बाईंनी आर्य महिला समाज काढला. आपण इथे एका सेमिस्टरच्या केटीने खचतो!

१८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या आणि पुणं खवळलं. पण गंमत अशी की तिथल्या मठातल्या धर्मगुरूंनाही बाई झेपल्या नाहीत. प्रत्येक मुद्द्यावर वाद, सांगितलं म्हणून मान्य असं काही नाही. माझ्या मते बाईंचा खरा स्वभाव इथेच दिसतो.

अमेरिकेत पुस्तक लिहून, व्याख्यानं देऊन त्यांनी पैसा उभा केला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धोंडो केशव कर्व्यांनी ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई इथल्याच विद्यार्थिनी. १८९३ मध्ये मात्र मुलींना बाटवतात म्हणून गहजब झाला. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. बाईंची प्रार्थना उघड्या दाराआड चालायची आणि काही मुली ओढल्या गेल्या. पण दुसऱ्या कुणी त्या विधवांना दार उघडलं होतं का, हेही विचारायला हवं.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःची भूक आठवत असणार, बाई तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास बायका-मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढी माणसं ठेवायची कुठे? केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तिथेच झोपड्या उठल्या, विहिरी खणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर माणसं दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, अंध मुलींचा वर्ग, आणि आपल्यासारख्यांनी बघावा असा छापखाना. खिळे जुळवायच्या त्या मुलीच.

बाईंनी बायबलचं मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी भाषांतर केलं, तेही त्याच छापखान्यासाठी. १९२१ मध्ये हाताशी आलेली मनोरमा गेली. बाई भाषांतराला बसून राहिल्या, ते हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच गेल्या.